रविवारी सांगितलेला पियानो

निपाणी सोडली त्या दिवशी आप्पा मला कोगनोळीच्या नाक्यापर्यंत पोचवायला आले. मुंबईच्या विमानतळापर्यंत यायची त्यांची इच्छा नव्हती असं नाही. पण दिवस बुडायच्या आत जेवायचं आणि तेही घरचंच, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता, आणि लेक जर्मनीला निघाली म्हणून तो मोडणार नव्हता. गाडी माझा धाकटा भाऊ अभय चालवत होता. आई दारातच थांबली. हातावर दही-साखर ठेवून म्हणाली, "जा. मागं बघू नको." मी अर्थातच मागं बघितलं, आणि तीही तिथंच उभी होती.

गाडीत पियानो वाजत होता. आमच्या घरच्या जुन्या रेकॉर्डवरून अभयनं एक सीडी करून घेतली होती, तिच्यावर मूळ रेकॉर्डची खरखरसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. नाका आला तेव्हा त्यातलं नॉक्टर्न, रात्रीची म्हणून लिहिलेली पियानोची संथ चीज, अर्ध्यावर होतं. अभयनं गाडी रसाच्या गाड्याशेजारी उभी केली आणि आप्पांकडं बघितलं. आप्पा डोळे मिटून बसलेले.

"संपू दे गं," ते म्हणाले. "मग उतरतो."

बाजूनं उसाचे ट्रॅक्टर जात होते, मागचे लोक हॉर्न वाजवत होते. आम्ही तिघं ते नॉक्टर्न संपेपर्यंत गाडीत बसून राहिलो. शेवटचा सूर विरल्यावर आप्पा उतरले, खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोन वर्सं म्हंजे काय, बघता बघता जात्यात. शीक आन ये." मग रस्ता ओलांडून ते निपाणीकडं जाणाऱ्या बसची वाट बघत उभे राहिले. घरी जाऊन त्यांना उजेडात जेवायचं होतं. मला त्या क्षणी त्यांचा थोडा रागच आला होता, हे सांगून टाकते.

निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात पियानो कुठून आला, हे मला जर्मनीत सगळेच विचारतात. निपाणीतही विचारायचे. आप्पा बेळगावला कॉलेजात होते तेव्हा कॅम्पात एका गोवेकर बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचे. डिमेलो बाई. त्यांचे वडील लोंढ्याला रेल्वेत गार्ड होते, आणि तिथल्या रेल्वेच्या क्लबानं मोडीत काढलेला पियानो त्यांनी मुलीसाठी बैलगाडीतून घरी आणला होता. पुढं तो बेळगावला आला. बाई लष्करातल्या साहेबांच्या पोरांना शिकवायच्या, आणि पोरं गेल्यावर स्वतःसाठी वाजवायच्या. आप्पांची खोली भिंतीपलीकडं. ते अकाउंट्सचा अभ्यास करायचे आणि भिंतीतून नॉक्टर्न यायचं. बेळगाव सोडून बाई गोव्याला बहिणीकडं राहायला गेल्या, तेव्हा आपला छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि मूठभर रेकॉर्ड्स त्यांनी आप्पांना दिल्या. आप्पांना सूर कळत, ताल कळत, पण पियानोला हात लावायचं धाडस त्यांनी कधी केलं नाही. ते म्हणायचे, "मी ऐकनारा मानूस हाय. कुनीतरी ऐकनारं पायजे का नको?"

आमच्या घरात संगीतकारांना नावं नव्हती. ती परदेशी नावं आप्पांच्या जिभेवर बसत नसत, आणि चुकीचं नाव घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. मग नॉक्टर्न लिहिणारा तो पोलंडचा, छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेलेला, तो आमच्या घरात 'खोकल्यावाला'. म्हातारपणी इंटरमेझो नावाच्या छोट्या छोट्या रचना लिहिणारा जर्मन तो 'दाढीवाला'. पियानो वाजवणाऱ्यांचं तसंच. आप्पांच्या रेकॉर्डवरचा तो 'म्हातारा'. मी कॉलेजात असताना कोल्हापूरला एका दुकानात मला त्याच नॉक्टर्नची दुसरी सीडी मिळाली, एका तरुण बाईनं वाजवलेली. तिला आप्पांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, 'तुझी पोरगी'.

त्या दोघांवरून आमच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. म्हाताऱ्याचा डावा हात एका संथ चालीनं चालायचा आणि उजवा जरा मागून यायचा. मला ते ढिसाळ वाटायचं. माझ्या पोरगीचे दोन्ही हात एकदम पडत, सूर लखलखीत, एकही डाग नाही. मी म्हणायचे, आप्पा, हे बघा, किती स्वच्छ. आप्पा मान हलवायचे.

"दुपारच्याला पान उचलत्या तुझी पोरगी," ते म्हणायचे. "चुरा हुतोय."

ज्यांनी तंबाखू बघितली नाही त्यांना सांगायला हवं. वाळलेलं पान दुपारच्या उन्हात हाताळलं तर हातातच चुरा होतो. म्हणून भल्या पहाटे, दवानं पान मऊ झालं की, मगच त्याला हात लावायचा. आप्पांच्या मते म्हातारा पहाटेच्या दवात पान उचलायचा. प्रत्येक सूर ओलसर होईपर्यंत थांबायचा, मग उचलायचा. मी म्हणायचे, ही वखारीतली अक्कल पियानोला लावू नका. ते हसायचे आणि पुन्हा म्हाताऱ्याची रेकॉर्ड लावायचे. आई आतून ओरडायची, "झालं का तुमचं खोकल्यावाल्याचं? दिवस बुडाय आला, पानं वाढल्यात."

जर्मनीत मी हॅनोव्हरला आले. पाण्याची तपासणी, गाळणी, प्रक्रिया, असलं शिक्षण. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायला लागला आणि मला पहिला विचार आला तो आप्पांचा, की हा माणूस इथं असता तर साडेतीनला जेवला असता. मग एका शनिवारी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त तिकिटावर मी मैफलीला गेले. स्टेजवर खराखुरा, काळाभोर, झाकण उघडलेला पियानो. एक उंच, टकलू माणूस आला, वाकला, बसला, आणि दाढीवाल्याची इंटरमेझो सुरू झाली. मी रडले. शेजारच्या आजीनं मला कागदी रुमाल दिला. तिला वाटलं असणार, मी संगीतानं भारावले. मी खरं तर घराच्या आठवणीनं रडत होते, आणि दोन्हींत काही फरक असेल असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. घरी फोन केला. तिकडं दुपार कलत आलेली, जेवणाच्या आधीची वेळ. आप्पांना म्हटलं, मी प्रत्यक्ष ऐकलं, आता तुम्हाला त्याचं रेकॉर्डिंग पाठवते.

"पाठीव की," ते म्हणाले. "पन आदी तू सांग. कसा वाजीवतोय त्यो?"

मी म्हटलं, छान वाजवतो. ते म्हणाले, "छान म्हंजे? निपानीत पन छानच म्हनत्यात समद्याला. नीट सांग."

मग मी नीट सांगायला लागले. आणि इथून पुढं दर रविवारी ते होत राहिलं. मी मैफलीला जायचे, नाहीतर एखादी नवी सीडी, पुढं पुढं इंटरनेटवरचं काहीतरी ऐकायचे, आणि फोनवर आप्पांना सांगायचे. पियानोची परिभाषा मला मराठीत येत नव्हती, जर्मनमधली आप्पांना कळली नसती. मग मी आमच्याच भाषेत सांगायचे. हा नवा माणूस डाव्या हातानं असा वाजवतो की तळ्यात म्हैस हळूच उतरते आहे. ही चिनी मुलगी फार घाईची, एकेक सूर खळ्यावर ओतल्यासारखा ओतते. आप्पा मध्येच विचारायचे, "मागं येतंय तिथं थांबतोय का?" म्हणजे सुरुवातीची चाल परत येते तेव्हा. मी सांगायचे, थांबतो. "किती?" मी फोनवरच थांबून दाखवायचे. पलीकडं त्यांचा श्वास ऐकू यायचा. मग ते म्हणायचे, "व्हय. बराय. पन म्हाताऱ्याची सर न्हाई."

मी रेकॉर्डिंगंही पाठवत राहिले. आधी पोस्टानं सीड्या, मग अभयच्या फोनवर लिंका. अभय हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. मला वाटायचं, आप्पा ऐकतात आणि मला मुद्दाम आधी सांगायला लावून माझी परीक्षा घेतात. मला ती परीक्षा आवडायची. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात, त्यांना हे समजेल. परक्या मुलखात आठवडाभर तुम्ही अर्धवट माणूस असता. व्याकरण चुकतं, विनोद कळत नाही, दुकानातली बाई तुमच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलते. आणि रविवारी एक तास तुम्ही पुन्हा पुरते शहाणे होता, कारण कुणीतरी तुम्हाला विचारतं, नीट सांग.

दोन वर्षं संपली. नोकरी मिळाली. मी म्हटलं, अजून एक वर्ष, अनुभवासाठी. आप्पा म्हणाले, "बरं." मग आणखी एक. मग येन्स भेटला, लग्न झालं, मुलगी झाली. लग्नाला आप्पा-आई आले नाहीत. इतक्या लांबच्या प्रवासात खाण्याचे हाल झाले असते, असं कारण होतं आणि ते खरंही होतं. मी निपाणीला जात होते, दर दोन-तीन वर्षांनी, तीन आठवड्यांसाठी, सुटकेसभर चॉकलेटं घेऊन.

पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आप्पांच्या शेजारी बसले आणि फोनवर नॉक्टर्न लावलं. ते उठले. "जरा बस्तीत जाऊन येतो," म्हणाले. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर, घरापासून चार पावलांवर. मी म्हटलं, सकाळीच जाऊन आलात की. म्हणाले, "परत जातो." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, तेव्हा त्यांना वखारीत काम निघालं. माळ्यावर बघितलं तर रेकॉर्ड प्लेअर पंच्यात गुंडाळून ठेवलेला. आईला विचारलं, तर ती भाकरी थापत म्हणाली, "वय झालं त्येंचं. असू दे."

मला वाटलं, कान गेले. पुढच्या खेपेला मी त्यांना बेळगावला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. आप्पा निमूट आले. काचेच्या खोलीत बसले, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की हात वर केला. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान मी बघितले नाहीत, यांना टाचणी पडलेली ऐकू येते. परतीच्या वाटेवर संकेश्वरला आम्ही चहाला थांबलो. कान ठीक होते, म्हणजे त्यांना माझ्याबरोबर ऐकायचं नव्हतं. मी परत आले नाही म्हणून हा रुसवा आहे, असं मी ठरवून टाकलं. रविवारी फोनवर तेवढं विचारायचं, आणि समोर आले की उठून जायचं! मला इतकं लागलं की त्या वर्षी मी आठवडाभर आधीच परतले. पुढच्या रविवारी मात्र त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय ऐकलंस? सांग."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर अभयचा फोन आला. आप्पांचं यकृत गेलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, ये. मी एकटी निघाले. येन्सला सुट्टी नव्हती, मुलीची शाळा होती.

आप्पा पुढच्या खोलीत खाटेवर होते. अंग वाळलेलं, पोट फुगलेलं, डोळे मात्र तसेच. मला बघून म्हणाले, "आलीस? जेव आदी." मी आत गेले, आईनं ताट वाढलं आणि मी घास घेत असताना तिनं सांगितलं. ती इतक्या साधेपणानं बोलली की मला वाटलं ती बाजारभाव सांगते आहे.

"त्येंच्या मनात त्ये गानं ऐकायचं हाय गं. पन नियम हाय."

"कसला नियम?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला. चातुर्मास हुता, मुनिमहाराज हुते बस्तीत. समद्यांनी काय काय सोडलं. कुनी बटाटा, कुनी गूळ. ह्येनी म्हनले, पियानो सोडतो. महाराजांनी इचारलं, त्ये काय असतंय? खायाचं का ल्यायाचं?" आईला थोडं हसू आलं. "पोरगी घरला ऱ्हायाला परत येस्तवर पियानो ऐकनार न्हाई, असा नियम. दोन वर्सांचं तर हाय, म्हनले."

आमच्यात माणूस लांब गेलं की त्याच्यासाठी आवडीचं काहीतरी सोडायची रीत आहे. माझी आत्या मुलगा सैन्यात होता तोवर कधी पायात चप्पल घालत नव्हती. ते सगळं मला ठाऊक होतं. पण पियानोही तसा सोडता येतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला आठवलं ते कोगनोळीचं थांबणं. त्यांनी तेव्हाच ठरवलेलं होतं आणि शेवटचं ऐकून घेत होते.

"आणि मी रविवारी सांगायचे ते?"

"मी म्हनायची त्येंना, ह्यो कसला नियम तुमचा? म्हनायचे, ऐकायचं सोडलंय, इचारायचं न्हाई सोडलं."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुला बांधून घालायचं न्हाई म्हनले. शपथ घातलीती आमाला."

मी ताटावरून उठले. मला दुःख झालं असं लोकांना वाटेल, पण पहिल्यांदा आला तो संताप. दोन वर्षांसाठी घेतलेला नियम माणूस इतकी वर्षं ओढतो? माझ्या नावावर? मी न मागता? मी परसात जाऊन उभी राहिले आणि अभय आला. त्याचा विचार पक्का झाला होता. तो शेजारच्या गावात उतरलेल्या महाराजांकडं जाऊन आला होता. महाराज म्हणाले होते, ज्यानं नियम घेतला त्याची इच्छा असेल तर प्रायश्चित्त देऊन सोडवता येईल. आप्पांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. आता एकच वाट उरली होती, असं अभयचं म्हणणं.

"आक्का, तू नुसतं म्हन, मी ऱ्हायाला आलीय म्हनून. एवढंच. नियम पुरा हुतोय. मी म्हाताऱ्याची सीडी फोनवर घेतल्या. इअरफोन बी हाय. एकदा ऐकू दे त्येंना."

"आणि मी गेल्यावर?"

अभयनं माझ्याकडं असं बघितलं की मला उत्तर मिळालं. मी जायच्या आधी आप्पा जाणार होते.

मी तयार झाले. खरंच तयार झाले होते. आत जाऊन खाटेवर बसले, एका हातात अभयचा फोन, दुसऱ्या हातात त्यांचा हात. अभय आणि आई दाराशी. मी तोंड उघडायच्या आधी आप्पाच म्हणाले, "अभयनं काय शिकिवलंय त्ये बाजूला ठेव. खरं सांग. ऱ्हायाला आलीस का भेटायला?"

ह्या माणसानं मला रविवारी एकदाही 'ऐकलं' असं म्हटलं नव्हतं, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. इतक्या वर्षांत त्यांनी थापसुद्धा मारली नव्हती. मी पाठवलेलं आवडलं का, असं मी विचारलं की ते म्हणायचे, तू सांगितलंस त्ये आवडलं. एवढा जपून बोललेला माणूस माझ्याकडं बघत होता, आणि माझ्या तोंडून ते खोटं निघेना.

"भेटायला, आप्पा," मी म्हणाले.

दाराशी अभयनं कपाळावर हात मारलेला मला दिसला. आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, मी मारलं ह्यांना. मग त्यांची बोटं माझ्या हातात हलली.

"बरं," ते म्हणाले. "मग सांग. म्हाताऱ्याचं सांग."

मी म्हाताऱ्याचं सांगितलं. आयुष्यात ज्याची मी टिंगल केली, तो ढिसाळ म्हातारा. सुरुवातीला डावा हात कसा एकटाच थोडा चालतो, अंगणात कुणीतरी येरझाऱ्या घालाव्यात तसा. मग उजवा येतो, उशिरा. तो वरच्या सुराकडं चढतो आणि पोचतोय असं वाटत असताना थांबतो. मी थांबले. आप्पा थांबले. मग पान उचलतो. दवातलं. फाटत नाही. मी गुणगुणत होते, सांगत होते, पुन्हा गुणगुणत होते, मला सूर सांभाळता येत नव्हता आणि ते त्यांना चालत होतं. मधल्या भागात गडगडाट होतो तिथं मी त्यांच्या तळहातावर बोटांनी वाजवलं. चाल परत आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "किती थांबतोय?" आणि मी जेवढं थांबता येईल तेवढं थांबले.

दोन दिवसांनी, जेवणवेळेच्या आधी, उजेडातच ते गेले.

अभय माझ्याशी अजून नीट बोलत नाही. स्मशानातून आल्यावर तो म्हणाला, "एका शब्दानं काय बिघडलं असतं गं तुझं? मेलेल्या मानसाला कळलं असतं का तू परत गेलीस म्हनून?" त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. रात्री जाग आली की मी त्याच्याच बाजूनं भांडते. एका वाक्याचं खोटं आणि माझ्या बापाला तो पियानो खराखुरा ऐकायला मिळाला असता. मी खरं बोलले आणि त्यांना माझी बेसूर गुणगुण मिळाली. कुणी म्हणेल, तेच त्यांना हवं होतं. असेल. मला ते पटवून घ्यायचा धीर होत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "लाव की आता त्ये. आता कुनाचा नियम हाय?" आम्ही दोघी खाटेच्या जागी चटई टाकून बसलो आणि मी म्हाताऱ्याचं नॉक्टर्न लावलं. इतकी वर्षं घरात वाजत होतं तेव्हा आईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलेलं, भांड्यांच्या आवाजात. पहिल्यांदाच ती बसून ऐकत होती. पदर सावरून, बस्तीत प्रवचनाला बसतात तशी.

"एवढंच?" संपल्यावर ती म्हणाली. "तू फोनवर सांगतीस त्यात लई काय काय असतंय. म्हशी काय, पानं काय. ह्यात तसलं काय न्हाई की गं."

मी हसायला लागले आणि मग हसता येईना. तेव्हा मला कळलं की रविवारी फोन आप्पांच्या कानाला नसायचाच. तो खाटेवर ठेवलेला असायचा, आवाज मोठा करून, आणि भाजी निवडत आईही सगळं ऐकायची.

आता पुन्हा हॅनोव्हर. मी मैफलींना जाते. मागच्या महिन्यात एका तरुण मुलानं तेच नॉक्टर्न वाजवलं, आणि पहिल्या चार सुरांतच माझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली, निपाणीच्या मराठीत, कुणाला तरी सांगण्यासाठी. ती वाक्यं घेऊन मी ट्रामच्या थांब्यापर्यंत आले आणि तिथं ती तशीच राहिली. येन्सला जर्मनमध्ये सांगून बघितलं. तो समंजस माणूस आहे, ऐकून घेतो. पण 'किती थांबतो' असं विचारत नाही.

गेलेल्यांना आणि मागं राहिलेल्यांना, दोघांनाही एक सांगायचं आहे. इतकी वर्षं माझ्याकडं परदेशी पासपोर्ट होता, घर होतं, कर भरत होते, तरी मी निपाणी सोडली असं झालंच नव्हतं. त्या गावात एक माणूस मी अजून यायची आहे असं धरून चालला होता आणि त्याची किंमत रोज मोजत होता. मला ते ठाऊकही नव्हतं. पण बहुतेक त्याच्याच जोरावर मी इथं इतकी निर्धास्त राहिले. घर म्हणजे ते होतं.

मागच्या रविवारी मी आईला विचारून टाकलं. "तू नाही ना गं माझ्यासाठी काही सोडलंस? खरं सांग."

"मी?" आई म्हणाली. "खुळी हैस का? तू आता तिकडचीच की."

मग तिनं विचारलं, तिकडं थंडी पडली का, आणि मी सांगितलं, पडली.